राणीच्या गाळ्यावरच्या काळ्या पट्ट्या

नाना बिरागोनं उजव्या हाताचं बोट पोमापुढं धरलं. "काढ गं हा काटा. कालपासून ठणकतोय मेला. कापडातून काटे निघायला लागले, आता काय बघायचं राहिलंय?"

नाना ही आमच्या कुमासी शहरात मानाची हाक, बाईला काय नि बाप्याला काय. बिरागो तर कापडबाजाराची राणी, गेली एकोणीस वर्षं. त्या दोन मजली बाजारात कुणी कुठं बसायचं, कुणाचं भांडण कुठं मिटवायचं, हे तिच्या गाळ्यातल्या लाकडी स्टुलावरून ठरायचं. पोमाची आई तिच्याकडे गठ्ठे वाहायची आणि पोमा त्याच गठ्ठ्यांवर झोपून मोठी झाली. आज चौतिसाव्या वर्षी ती पिवळं हेल्मेट घालून, जुन्या इमारती मजबूत करणाऱ्या कंपनीची सुपरवायझर म्हणून शेवटच्या तपासणीला आली होती. पण नानापुढं ती काटा काढणारी पोरच.

तिनं ओळखपत्राची पिन काढली, बोट दाबलं आणि काटा उपसला. केसासारखा बारीक, ताठ, काळा कुळकुळीत. लाकडाचा नव्हता. तिनं तो नखावर घेऊन उजेडात धरला. असले काटे तिनं स्वतःच्या तळहातातून आठवडाभर काढले होते, ऑक्टोबरात, याच छतासाठी कार्बनच्या धाग्यांच्या पट्ट्या कापताना.

तिनं वर पाहिलं. "नाना, हे पंखे कधी लागले?"

"परवा. नाताळची गर्दी, वर हा वाळवंटाकडून येणाऱ्या हरमाटान वाऱ्याचा धुरळा. बायका घुसमटतात. आपल्या बाजारातल्या बादू वायरमननं बसवले. छान गरगरतात की नाही?"

पंखे छानच गरगरत होते. पाच, एका ओळीत, दोन बीमांच्या अगदी मधोमध.

हा बाजारातला तिसरा खण. वरच्या पाण्याच्या टाकीनं वर्षानुवर्षं गळून गळून इथल्या स्लॅबच्या सळ्या खाल्ल्या होत्या. छत गाभण गाईच्या पोटासारखं खाली आलेलं. पाडायचं म्हटलं तर अख्खा बाजार वर्षभर रस्त्यावर. म्हणून पोमाच्या माणसांनी खालून जुनं प्लास्टर काढलं, काँक्रीट घासून खरखरीत केलं, धूळ ओढून घेतली आणि या बीमापासून त्या बीमापर्यंत आठ पट्ट्या इपॉक्सीनं चिकटवल्या. पट्टी नाण्याएवढी जाड, पण ताण सोसण्यात सळईलाही हार जायची नाही. पोमानं प्रत्येक पट्टी नाण्यानं वाजवून पाहिली होती. आत हवा राहिली की आवाज पोकळ येतो. कुठंच आला नाही. काम चोख होतं, त्यात तिला नाव ठेवायला जागा नाही.

घोटाळा झाला तो पुढं. पट्ट्या काळ्या होत्या.

या खणात बसणाऱ्या बाया बारशाचं कापड विकतात, पांढरं आणि निळं. आणि काळं आमच्याकडं मयताला नेसतात. काम संपल्या दिवशी बिरागोनं मान वर करून पाहिलं आणि तोंडाला हात लावला. "अगं, माझ्या डोक्यावर आठ मयतं टांगलीस तू! इथं बाळाचं कापड घ्यायला कोण येईल? पांढरं कर सगळं."

कंपनीच्या इंजिनिअर डोंकोरनं पोमाला बजावून ठेवलं होतं, रंग काय हवा तो लावा, पण प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना पिवळी रेघ हवी आणि 'इथं भोक पाडू नये' असं ठळक लिहिलेलं हवं. बाजारात छताला हूक ठोकल्याशिवाय बाईचा दिवस जात नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पोमानं तसं सांगूनही पाहिलं. बिरागो म्हणाली, "पिवळ्या रेघा? हा बाजार आहे की हमरस्ता? तुला मी माझ्या गठ्ठ्यांवर निजवलं ते हे ऐकायला?"

झालं. पोमानं छत एकसारखं पांढरंशुभ्र करून टाकलं. आणि रिपोर्टात लिहिलं, पिवळ्या रेघा मारल्या, सूचना लिहिली. खाली सही ठोकली. नानाचा शब्द मोडवला नाही हे मला कळतं. पण ती सही तिनं करायला नको होती, आणि तिथं मी तिची बाजू घेणार नाही.

"बादूला बोलवा," पोमा म्हणाली. "शिडी घेऊन. लगेच."

बादू आला, मक्याचं केंके खात खात, बोटं चाटत. त्याला वाटलं शाबासकी मिळणार.

"पंखे कसे बसवलेस?"

"ताई, काय सांगू, छत सरळच नव्हतं हो. मधेमधे पट्टे फुगलेले. कुणी आळशी गवंडी असणार, ओबडधोबड मारून गेलेला. पंख्याची प्लेट बसेना. मग सूत धरलं आणि जिथं जिथं फुगवटा आला तिथं छिन्नीनं सोलून काढला. लई चिवट! माझ्या दोन छिन्न्या बोथट झाल्या."

"तो आळशी गवंडी मीच," पोमा म्हणाली. "शिडी धर."

ती चढली. एक पंखा थांबवून तिनं दांडीवरची वाटी खाली सरकवली. प्लेटच्या दोन्ही बाजूंनी पट्टीची टोकं बाहेर आली होती, चावून टाकलेल्या उसाच्या चोयट्यासारखी. सगळा ताण जिथं येतो, नेमकी तिथं तोडलेली. एकेक पंखा थांबवून, पाहून पुन्हा चालू करत तिनं शिडी सरकवली, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. पाचही तशाच. आठांतल्या तीन राहिल्या होत्या. जुन्या भेगेवर तिनं आडवी चिकटवलेली काचेची पट्टी तेवढी अजून अखंड होती. भेग जरा जरी रुंदावली तर काच तडकणार, म्हणून ती लावलेली.

तेवढ्यात वर धप्पकन काहीतरी पडलं. शिडी हलली. पांढरा भुगा पोमाच्या पापण्यांवर आला.

"वर काय चाललंय?"

"टेमा बंदराहून ट्रक आलाय," बिरागो खालून म्हणाली. "नाताळचा माल. हमाल बाया पहाटेपासून चढवतायत."

"रचताय कुठं?"

"कुठं म्हणजे? इथंच वर. हाच खण तर तू पक्का केलास. बाकीच्यांचा काय भरवसा!"

 एक गठ्ठा म्हणजे एका धडधाकट माणसाचं वजन, आणि पहाटेपासून ते बरोब्बर तिच्या डोक्यावर रचले जात होते. तिनं शिडीवरूनच डोंकोरला फोन लावला. तो एजिसूच्या पुढं कुठल्या तरी पुलावर होता, मागं मिक्सर घरघरत होता.

"सर, तिसऱ्या खणातल्या पाच पट्ट्या तोडल्यात. मधोमध. पंखे लावताना."

"पाच? पिवळ्या रेघेवर छिन्नी मारणारा हा कोण शहाणा निघाला?"

खाली बादू शिडी धरून उभा होता. त्याच्या मिशीला केंक्याचं पीठ लागलेलं, नजर वर. एका शब्दात सगळं त्याच्या डोक्यावर गेलं असतं आणि तो बिचारा ते घेऊनही बसला असता. पोमाच्या मनात ते आलं, नाही असं नाही.

"रेघा नाहीत, सर. मी मारल्याच नाहीत. सगळं पांढरं केलं. रिपोर्टात खोटं लिहिलं मी."

 मग डोंकोर म्हणाला, "त्याचं नंतर बघू. वर वजन किती?"

"चाळीसेक गठ्ठे असतील. अजून येतायत."

"आपले लोखंडी टेकू?"

"मागच्या शेडमध्ये आहेत."

"मला यायला दीड तास. तोवर बाजार रिकामा कर, वरचा आणि खालचा. माणसं गेली की टेकू दे. आणि ऐक पोमा, पळापळ होऊ देऊ नकोस. वर शेदोनशे बाया एकदम धावल्या तर त्या स्लॅबला आणखी काही लागायचं नाही."

ती फोन खिशात घालत होती तेव्हा तिच्या कानाजवळ टिक् असा आवाज झाला. काचपट्टी मधून तडकली होती.

ती खाली उतरून बिरागोच्या स्टुलापाशी उकिडवी बसली, लहानपणी बसायची तशी, आणि तिच्या कानाशी लागली. "नाना, छत खाली यायला लागलंय. बाजार बंद करा. आत्ता."

"आज? नाताळच्या आधीच्या शुक्रवारी?" बिरागो हसली. "वर्षभराच्या पोटापाण्याचा दिवस आहे पोरी. तूच म्हणाली होतीस, हत्ती नाचवा."

"म्हणाले होते. पण ते पट्ट्या तोडायच्या आधी. कुणाला दिसल्याच नाहीत, कारण मी त्या झाकल्या. तुम्ही म्हणालात म्हणून झाकल्या, पण नाही म्हणायचं काम माझं होतं. तो काटा तुमच्या बोटात गेला ना, तो त्याच पट्टीचा."

बिरागोनं आपल्या बोटाकडं पाहिलं. मग पांढऱ्या छताकडं. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"ओरडून सांगू?"

"ओरडायचं नाही. धावपळ झाली तर संपलंच सगळं."

"मग तीनशे बायका गिऱ्हाईक सोडून उठतील कशा? मी साक्षात देवदूत आणून उभा केला तरी त्या आधी सहा वार मोजून देतील आणि मग वर बघतील."

वर पुन्हा धप्प झालं. एका बाईनं वर पाहून केसांवरचा भुगा झटकला आणि गिऱ्हाइकाला निळा रंग किती पक्का आहे ते सांगत राहिली. पोमाला रडू आलं. तिला त्या बाईचं नाव माहीत होतं, तिच्या दोन्ही मुलींची नावं माहीत होती.

बिरागो उठली. गाळ्याच्या मागं, अगदी तळाच्या फळीवर, ती एक काळं कापड ठेवत असे. ते विकायचं नव्हतं. बाजारातली कुणी जुनी बाई गेली की ते राणीच्या गाळ्यावर चढायचं आणि बाजार मिटायचा. तिचा हात त्या कापडापर्यंत गेला आणि थबकला. कुणी मेलेलं नसताना ते चढवणं म्हणजे मरणाला आवतण देणं, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं.

"नाना..."

"गप बस. कुणाला तरी न्यायचंच असेल त्याला, तर आवतण मी धाडलंय, मलाच नेईल."

तिनं कापड झटकलं आणि स्वतःच्या हातानं गाळ्याच्या दर्शनी दांडीवर पसरलं, पांढऱ्यानिळ्या बारशाच्या कापडांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी राहिली.

समोरची बाई बोलता बोलता थांबली. कापडाकडं पाहिलं आणि तिनंही हात डोक्यावर नेले. तिच्या शेजारणीनं मागं वळून पाहिलं. राणीनं पहिला हंबरडा फोडेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही, ही रीत, आणि बिरागो तोंड मिटून उभी होती. कात्र्या खाली ठेवल्या गेल्या. मोजलेलं कापड अर्ध्यावर राहिलं. गल्लीतून ती शांतता जिन्याकडं सरकली, जिन्यावरून वर गेली. डोक्यावर गठ्ठे घेतलेल्या हमाल बाया अर्ध्या पायरीवरून तशाच माघारी फिरल्या. दोन्ही जिन्यांनी बायका उतरू लागल्या, एकामागं एक, सावकाश, मयताला चालतात तशा. पोमा छताकडं बघत पावलं ऐकत होती. डोक्यावर एवढी माणसं चालत होती आणि एकही धावत नव्हतं.

सगळ्यात शेवटी बिरागो राहिली.

"तुम्हीही चला."

बिरागोनं स्टूल उचलून आडवं करून ठेवलं. रिकामं स्टूल उभं ठेवू नये, त्यावर नको ते येऊन बसतं. एवढं केल्यावरच ती बाहेर गेली.

पोमा मागच्या शेडमध्ये धावली. टेकू हातगाडीवर टाकू लागली तर दुसऱ्या बाजूनं बादूनं हात घातला.

"तू जा बाहेर. तुला चार पोरं आहेत."

"पाच," बादू म्हणाला. "आणि पंखे मी लावलेत. चला."

फळी आडवी धरायची, तिच्याखाली टेकू उभा करायचा, जाड पेच फिरवत फिरवत वर न्यायचा. पहिला टेकू बीमाजवळ लागला, दुसरा त्याच्यापुढं. मधोमध जायला दोघांचंही धाडस होईना. वर चार पंखे फिरतच होते, त्यामुळं छताचं काही ऐकू येत नव्हतं.

"ताई, पंखे बंद करू का? नाही, उकडेल तुम्हाला म्हणून विचारतो."

"मेन स्विच पाड, मूर्खा!"

पंखे मंदावत थांबले. आणि मग तो आवाज आला, बारीक, कुणी दातांखाली खडीसाखर फोडावी तसा. थांबायचा, पुन्हा यायचा. भेगेतून धूळ सरळ रेषेत खाली पडत होती. बादू प्रार्थना पुटपुटू लागला आणि मधेच विसरला, म्हणून पहिल्यापासून सुरू झाला.

"तिसरा," पोमा म्हणाली.

तिसरा टेकू भेगेच्या अगदी खाली उभा करायचा होता. पोमानं फळी डोक्यावरच्या हेल्मेटनं पेलून धरली आणि बादूनं पेच फिरवला. काँक्रीटचा पोळीएवढा पापुद्रा सुटून त्याच्या खांद्यावर फुटला. त्याच्या तोंडून शिवी गेली, हात सुटला नाही. फळी छताला टेकली. आणखी अर्धा फेरा. आणखी अर्धा. पोमाला मानेत कळलं की वजन आता तिच्यावर नाही, लोखंडावर आलंय. मग चौथा, पाचवा, सहावा लागला. सहाव्यानंतर तो दातांखालचा आवाज थांबला.

पोमानं भेगेत पेन्सिल घालून पाहिली. सहज गेली. सकाळी तिथं नखसुद्धा जात नव्हतं.

बाहेर रस्त्यावर सगळा बाजार उभा होता, हात अजून डोक्यावर. पोमा आणि बादू पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन बाहेर पडले, तेव्हा एका म्हातारीला राहवेना. "नाना, गेलं तरी कोण?"

"तो पांढरा रंग गेला," बिरागो म्हणाली. मग तिथंच, चप्पल सुटलेल्या पायांनी, तिनं सगळ्यांना खरं काय ते सांगितलं, आपल्या हट्टासकट. काही बायका रडल्या. काहींनी बादूला शिव्या घातल्या, त्या त्यानं मान खाली घालून घेतल्या. एकीनं पोमाच्या तोंडावर सुनावलं, "आमच्यात वाढलीस आणि आम्हालाच पुरायला निघाली होतीस."  

डोंकोर आला, आत जाऊन टेकू पाहिले, पेन्सिल घालून पाहिली, बाहेर आला. बिरागो पुढं झाली. "साहेब, रेघा मीच नको म्हटलं होतं. पोरीला बोल लावू नका."

"नाना, तुम्ही काहीही म्हणाल. तो तुमचा हक्क आहे," डोंकोर अदबीनं म्हणाला. "पण कागदावर सही तुमची नाही." त्यानं पोमाकडं हात पुढं केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. तिनं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं, ओळखपत्रही दिलं. पिन तेवढी तिच्याकडे राहिली.

जानेवारीत दुसऱ्याच सुपरवायझरनं तिसरा खण पुन्हा केला. तेव्हा पोमा आईच्या घरी बसून होती, बाजाराच्या रस्त्यानं जायचंही टाळत होती. एक दिवस बादू निरोप घेऊन आला. नाना बोलावतायत, नाही म्हणायची सोय नाही.

ती गेली. तिसऱ्या खणातल्या छताची भेग भरून काढलेली होती, आणि त्यावर नव्या आठ पट्ट्या, काळ्याच्या काळ्या. रंगाचा एक थेंब नाही. त्यांच्याखाली बारशाची कापडं मांडलेली, आणि मधोमध स्टुलावर बिरागो, पांढरं नेसून.

"बायका काही म्हणाल्या नाहीत?"

"म्हणाल्या की. म्हटलं, मी बसते खाली, मला काही झालं तर मग बोला." तिनं गाठीतलं नाणं काढून पुढं केलं. "वाजव. त्या नव्या पोरानं वाजवलं, पण मला त्याचा कान माहीत नाही."

पोमा शिडीवर चढली. आठही पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत वाजवल्या. टक्, टक्, टक्. खाली गल्लीत बायका गप्प उभ्या राहून ऐकत होत्या.

"भरीव आहे," ती म्हणाली. "सगळं भरीव आहे."

बादूनं पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश वर दिला. साहेबांनी पाठवलाय म्हणाला, रेघा तुमच्याच हातच्या हव्यात म्हणे. पोमानं रेघा मारल्या, सोळा. मग मोठ्या अक्षरांत लिहिलं, इथं भोक पाडू नये. मान अवघडली होती, अक्षर काही फार सुरेख आलं नाही. ती उतरायला लागली.

"थांब," बिरागो खालून म्हणाली. "खाली सही कर."

"माझी? मी आता कंपनीत नाही, नाना."

"कंपनी गेली खड्ड्यात. इथं छिन्नी लावायची झाली तर कुणाला विचारायचं, ते बायकांना कळायला नको?"

पोमानं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला, आणि राणीच्या डोक्यावर, काळ्यावर पिवळ्यानं, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.